नव्या पालकांना सांगायच्या गोष्टी

श्रावण उतरणीला लागला की मला पंचांग बघावं लागत नाही. नागावच्या आमच्या वाडीत ओटीवर बसलेलं असताना समुद्राचा आवाज एकदम जवळ येतो. एरवी तो सुरूच्या बनापलीकडे असतो, आपल्या कामात. अमावास्येच्या आगेमागे मात्र तो आत येतो, आणि मग भर दुपारी, सगळं गाव जेवायला बसलेलं असताना, मी पान सरकवून उठतो. बायको आता काही विचारत नाही. पूर्वी विचारायची, भात निवतोय, निघालात कुठे? कुठेच नाही. विहिरीपर्यंत जातो, रहाटाला हात लावून थोडा वेळ उभा राहतो आणि परत येतो.

यंदा त्यातच एक तरुण मास्तर घरी येऊन बसला. गावच्या शाळेवर नवा आलेला, कपाळावर केसांची झुलपं, बोलताना अर्धा खुर्चीबाहेर. "गुरुजी, तुम्ही खारेपाटात असताना बालवीर पथक चालवलं होतं असं ऐकलं. मला इथं सुरू करायचंय. पोरं तयार आहेत हो, आईबापच बिचकतात. नव्या पालकांना पहिल्या सभेत काय काय सांगायचं, तेवढं लिहून द्याल?" मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. गुडघ्यांचा आणि लिहिण्याचा संबंध काय, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ उमटलं, पण पोरगा चांगल्या घरचा, चहा पिऊन गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मला त्याचा विलक्षण राग येत होता. खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मीही असाच होतो, आणि मला तर कुणी गुडघ्यांचं कारण सांगून वाटेला लावलं नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. माझी बदली खारेपाटातल्या एका खाडीकाठच्या गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. मी वाडीतला माणूस. आमच्याकडे समुद्र म्हणजे पुळण, सुरू आणि संध्याकाळी पाय मोकळे करायची जागा. तिथे तो शेताच्या डोक्यावर बसलेला होता. खाडीच्या कडेनं मातीचा लांबच लांब बांध, बांधाच्या आत भात. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेत, आणि पाणी वर, शेत खाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गरगरलं. माझ्याबरोबर आलेली चौथीतली पोरं त्याच बांधावरून उड्या मारत पुढे गेली.

तो बांध सरकारचा नव्हता, कुणा एकाचाही नव्हता. ज्यांची ज्यांची जमीन बांधाच्या आत, त्या सगळ्या घरांनी मिळून तो राखायचा. या मंडळीला ते जोळ म्हणत. उधाणानं बांध फुटला, म्हणजे त्यांच्या भाषेत खांड गेली, की एक गडी पत्र्याचा डबा बडवत गावातून पळायचा आणि प्रत्येक घरातून एक पुरुष बांधावर हजर व्हायचा. जोळाचा मुख्य एकेका घराचं नाव पुकारी. ज्याच्या घराचं नाव येईल त्यानं 'हाय' म्हणायचं, आणि एकदा हाय म्हटलं की खांड बुजेपर्यंत, मुख्यानं सोडेपर्यंत, बांध सोडायचा नाही. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं हे. पण मी तिथे होतो त्या काळात ही रीत कुणी मोडलेली मला आठवत नाही.

ज्या घरातला पुरुष मुंबईला गिरणीत, त्या घराचं नाव पुकारलं की कुणी हाय म्हणायचं नाही. मुख्य थोडा थांबे आणि पुढचं नाव घेई. त्या घरच्या बाया डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहत, कमरेइतक्या चिखलात उतरत, पुरुषाच्या बरोबरीनं राबत. पण नावाला हाय म्हणायचं ते पुरुषानंच. शेजारी त्या घराचं काम ओढून नेत आणि कुणी बोलूनसुद्धा दाखवत नसे. फक्त पुढचा महिनाभर ती बाई विहिरीवर सगळ्यांच्या मागून कळशी भरायची. तिला मागे थांब म्हणून कुणी सांगितलेलं नसे. ती आपणहून थांबायची. मला हे कळायला दोन महिने लागले, आणि कळलं तेव्हा मी मनातल्या मनात या लोकांना रानटी म्हटलं. आज म्हणणार नाही. त्यांनी निदान बांधाची रीत मला उघड सांगितली होती.

पथक काढायचं खूळ माझंच. जिल्ह्याला शिबिर करून आलो होतो, गळ्यात शिट्टी होती, ट्रंकेत गाठींची चित्रं होती. दोन टोळ्यांना सोळा पोरं हवीत. मला मिळाली पाच, त्यातली तीन आम्हा मास्तरांच्याच घरची. पहिल्या पालकसभेला आठ-दहा बापे आले, ओट्यावर उकिडवे बसले आणि मी बोलत असताना माझ्या खाकी अर्ध्या चड्डीकडे बघत राहिले. ही पोलिसांत भरती आहे का? पोरांना सरकार कुठे नेणार? शनिवारी मिठागरावर कोण जाणार? एका म्हाताऱ्यानं सगळ्यात मोठा आक्षेप काढला. बालवीर एकमेकांना भेटले की डाव्या हातानं हात मिळवतात, हे मी मोठ्या कौतुकानं करून दाखवलं होतं. म्हातारा उठलाच. "डाव्या हातानं? मास्तर, तुमाला आयसनं काय शिकवला का नाय?" सभा तिथेच संपली. जाताना दोघांनी माझ्या डाव्या हाताकडे पुन्हा एकदा वळून पाहिलं.

आजही मला त्या सभेचं हसू येतं, आणि मग हसू आल्याचा राग येतो. ती सभा तशीच राहिली असती, पाच पोरांचं पथक चालवून मी गप्प बसलो असतो, तर आज दुपारी मी जेवत असतो.

पण मला सोळा हवी होती. मी जोळाच्या मुख्याकडे गेलो. हाशादादा त्यांचं नाव. साठीचा माणूस, पाय मिठानं उललेले, बोलणं अगदी हळू. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पोरांना काय शिकवता? गाठी, दोर, शिट्टीवर रांगेत उभं राहणं, हातोहात वस्तू देणं, जखम बांधणं. ते तंबाखू मळू लागले. मग म्हणाले, "मास्तर, ह्ये तर बांधाचाच काम हाय. तुमचा गनवेश घाटलेला पोऱ्या आमी घरचा मानूस धरू. ज्यांचा बापूस मुंबईला हाय त्यांची पोरं येतील मंग. पेंढा देतील हातोहात, आतल्या अंगाला. पान्यात नाय."

मला आठवतं, मी उठून त्यांचे हात हातात घेतले होते. दोन्ही हात, डावा-उजवा काही न बघता. माणूस बारा-तेरा वर्षांचा आणि नाव घराचं, यात काय काय येतं याचा विचार मला शिवला नाही. मला फक्त ओट्यावर बसलेली अकरा नवी पोरं दिसत होती.

दुसऱ्या सभेला बायका आल्या. नऊवारीचा काचा मारलेल्या, काखेत धाकटी पोरं, काही तर भात लावणी आटपून तशाच चिखलाच्या पायांनी. मी नव्या पालकांना सांगायच्या गोष्टी एकामागून एक सांगितल्या. चड्डी दोन बोटं सैल शिवा, पोर वर्षात वाढतं. शनिवारी उपाशी पाठवू नका, पोरं उन्हात उभी असतात. बरोबर काथ्याचा दोर आणि पाण्याचा तांब्या द्या. पहिले दोन आठवडे पोर घरी येऊन शिट्ट्याच फुंकत बसेल, रागावू नका. त्यानं रोज एखादं परोपकाराचं काम करायचं असतं, ते करताना घरचं पाणी भरायचं राहिलं तर त्याला समजून घ्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि मग शेवटी, अगदी सहज सांगतोय असं दाखवत मी म्हटलं, की हाशादादांनी कबूल केलंय, बालवीर झालेल्या पोराचं नाव बांधावर घरचा माणूस म्हणून धरतील.

हसणं थांबलं. त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

चांगुणाबाय त्यात होती. नवरा मुंबईला गिरणीत, दोन मुलगे. थोरला जोमा सहावीत, धाकटा धर्मा आठ वर्षांचा, आपला वर्ग सुटला की शाळेच्या पायरीवर बसून थोरल्याची वाट बघणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी. "मास्तर, खाकी कापड कुटं मिलल?" बाजार लांब, पावसाचे दिवस. मग तीच म्हणाली, "बापसाची जुनी पाटलोन हाय. तिची होईल?" होईल म्हटलं. तिनं ती पाटलोन कापून स्वतः हातानं शिवली. टाके इतके बारीक की आमच्या तालुक्याच्या शिंप्यानं लाजावं. तरी एक पाय दुसऱ्याहून बोटभर लांब झाला आणि जोमा कायम तो लांबडा पाय दुमडून फिरला.

तिला सगळं नीट समजून घ्यायचं होतं. बाकीच्या आया पोर पाठवून मोकळ्या झाल्या. ही दर रविवारी येऊन विचारायची, काल काय शिकला? सलाम तीन बोटांनी का? शिट्टी एकदा वाजली तर काय, तीनदा वाजली तर काय? मी सांगायचो, एक लांब शिट्टी म्हणजे गप्प राहा, तीन म्हणजे असाल तिथून माझ्याकडे या. डाव्या हाताचं ऐकून तिला हसू आवरेना. "डावा तं डावा. भाकर उजव्यानंच खातंय ना माझा पोऱ्या, मंग झाला." आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या जोमाशी तिनं तिथल्या तिथे डाव्या हातानं हात मिळवला. पोरगा लाजून लाल झाला. आपल्या आईला हे सगळं येतं, हे त्याला आवडलंही असावं.

गाठी मी त्याला काय शिकवणार होतो! मिठाची ने-आण करणाऱ्या पडावांवर, होड्यांवर वाढलेला पोरगा. मी चित्रात बघून बांधलेली गाठ त्यानं हातात घेतली, जरा ओढली, ती सुटली. त्यानं मान खाली घालून आपली एक बांधून माझ्यापुढे धरली. मी ओढली, ती हलेना. "ही शिकवू का सगल्यांना?" त्यानं विचारलं. शिकव म्हटलं. तेव्हापासून गाठींचा तास त्याचा आणि मी त्याच्या हाताखाली. त्याला टोळीनायक केलं ते मी उपकार म्हणून केलं नाही. तो होताच.

त्या श्रावणात खाकी कधी पूर्ण वाळायचीच नाही. घराघरांतून चड्ड्या चुलीवरच्या मांडवीला, काठ्यांच्या माळ्याला, टांगलेल्या. शनिवारी सोळा पोरं रांगेत उभी राहिली की धूर, सुकी मासळी आणि ओलं कापड यांचा मिळून एक वास यायचा. सुरुवातीला मी नाकाला रुमाल लावत असे. पुढे तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं. बाहेर राता, म्हणजे तांबडा, भात मांडीइतका झालेला, बांधाच्या कडेला तेरडा फुललेला, ऊन-पाऊस असा की पाठीवर ऊन पडतंय आणि छातीवर सर. झेंडावंदनाच्या दिवशी पोरं गावातून चालत गेली तेव्हा तो म्हातारासुद्धा, ज्यानं माझ्या आईचा उद्धार केला होता, दारात उभा होता. आणि त्याच सुमारास एका सकाळी मी विहिरीवरून जाताना पाहिलं, चांगुणाबाय कळशी घेऊन रांगेच्या मधोमध उभी होती. पुढे दोघी, मागे तिघी. जोमानं अजून एकदाही हाय म्हटलं नव्हतं, तरी ती पुढे सरकली होती. मी त्या दिवशी शाळेत उगाचच सगळ्यांना लवकर सोडलं.

आनंदाच्या आठवणींचं एक वाईट असतं, त्या नंतरच्या गोष्टींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला आहे. विहिरीवरची ती सकाळ एकटीच आठवावी म्हणून डोळे मिटून बसलो आहे. पण ती यायची तर पुढचं सगळं ओढत घेऊनच येते.

अमावास्येला, पिठोरीच्या दिवशी, दुपारी डबा वाजला. शाळेत आम्ही मधल्या सुट्टीत होतो. आयांचा उपास, पोरं घरून खीर-पुरीच्या आशेनं आधीच अस्वस्थ. डबा ऐकताच माझ्या आधी पोरं उठली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी शिट्टी गळ्यात अडकवली आणि पंधरा मिनिटांत सोळाच्या सोळा पोरं गणवेशात बांधावर रांगेनं उभी केली. लाज वाटते लिहायला, पण माझ्या मनात तेव्हा जिल्ह्याचे साहेब होते. त्यांनी हे पाहायला हवं होतं, असं काहीतरी.

खांड उघाडीच्या जवळ गेली होती, म्हणजे बांधातलं दार जिथे असतं तिथे. दोन पुरुष आडवे निजतील एवढीच. पाणी त्यातून शांतपणे आत येत होतं, काही गर्जना वगैरे नाही. हाशादादा बांधाच्या डोक्यावर उभे राहून नावं पुकारत होते. हाय. हाय. हाय. मग त्यांनी जोमाच्या बापाचं नाव घेतलं, आणि पोरांच्या रांगेतून जोमाचा आवाज आला, "हाय." अजून फुटलेला नसलेला, पातळ आवाज. बांधावरचे दोघे-तिघे गडी वळून हसले, चांगल्या अर्थानं हसले. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांत चांगुणाबाय होती. तिनं मान वर केली नाही. पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

अर्धा-पाऊण तास सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. पोरं आतल्या अंगाला, रांगेत, हातोहात पेंढ्याच्या जुड्या पुढे देत होती. पुरुष पाण्यात मेखा ठोकत होते. मग वारा फिरला, भरतीला जोर आला आणि खांडीच्या कडेची माती बसायला लागली. ते मला दिसलं. हे मी देवाशपथ सांगतो, मला वेळेवर दिसलं. मी तीन शिट्ट्या वाजवल्या. पोरं धावत आली. मी मोजली. पंधरा.

जोमा बांधावरच होता. पुरुषांच्या रांगेत एक गडी पाय घसरून मागे झाला होता, त्याच्या जागी तो जाऊन उभा होता. त्यानं शिट्टी ऐकली. त्यानं माझ्याकडे पाहिलंही. मी पुन्हा तीन वाजवल्या. त्यानं मान हलवली, नाही अशी, आणि पुढची जुडी घेतली. अवज्ञा नव्हती ती. त्यानं घराच्या नावाला हाय म्हटलं होतं. खांड बुजेपर्यंत बांध सोडायचा नाही हे त्याला पाळण्यापासून ठाऊक होतं, आणि माझी शिट्टी दोन महिन्यांची. शिट्टी आणि नाव यांतलं मोठं कुठलं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. हे दोन एकमेकांवर येतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पळायला लागलो. कडा गेली तेव्हा मी वीस पावलांवर असेन.

तिघे पाण्यात गेले. दोन मोठे पुरुष होते, ते निघाले. जोमा ओहोटी लागल्यावर उघाडीपाशी सापडला. याहून जास्त मी लिहिणार नाही.

खांड त्याच दिवशी बुजली. जोमाला शोधायला पाण्यात उतरलेल्या माणसांतले अर्धे परत मेखा ठोकायला गेले, कारण भरतीला काही थांबायचं नव्हतं. सगळ्या गावाचं भात वाचलं. त्या साली राता भात असा आला की तसा बरीच वर्षं आला नव्हता, असं लोक म्हणायचे. माझ्या खोलीत कुणीतरी नव्या तांदळाची भाकरी आणून ठेवली. मी ती कावळ्याला घातली आणि कावळाही लगेच शिवला. त्याला काय त्याचं!

मला कुणी काही बोललं नाही. हेच सगळ्यात अवघड होतं. शिव्या दिल्या असत्या, खोलीवर दगड पडले असते तर मी बदली मागून निघून गेलो असतो आणि थोडंफार फेडलं असं समजलो असतो. पण गावानं असं ठरवलं की पोरगा बांधावर गेला, बांधासाठी गेला. हाशादादा येऊन माझ्याशेजारी बसले, तंबाखू न मळता, आणि म्हणाले, "पान्यात नाय असा मीच बोललेलो, मास्तर." म्हणजे त्यांनी आपला वाटा घेतला. मी माझा घेतला नाही. मी वर कळवायला कागद लिहायला बसलो आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की बालवीरानं सेवा बजावताना देह ठेवला. वरून साहेब आले, शाळेत भाषण झालं, साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चांगुणाबायला पुढे बसवलं होतं. नवरा रजेवर आला होता, तो तिच्याशेजारी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. आठव्या दिवशी तो परत मुंबईला गेला.

पथक बंद करावं असं मला वाटलं नाही का? वाटलं. पण बंद केलं तर का केलं ते सांगावं लागणार होतं. तेवढं धैर्य नव्हतं, म्हणून पथक चालू ठेवलं. माझ्या चिकाटीचं पुढे जे कौतुक झालं तिचं मूळ हे असं होतं. त्या हिवाळ्यात मी शनिवारी पोरांना शिट्टी न वाजवता हाक मारून गोळा करायचो. चांगुणाबाय पुन्हा विहिरीवर शेवटी उभी राहायला लागली. मी शाळेला जायची वाट बदलली, शेताच्या बाजूनं, लांबून.

पुढच्या जूनमध्ये नवी पोरं आली, म्हणजे नवे आईबाप आले. पुन्हा सभा. ओटा भरलेला, बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं. या वेळी कुणाला ओढून आणावं लागलं नव्हतं. मी आत गेलो आणि पाहिलं, मागच्या भिंतीला टेकून चांगुणाबाय बसली होती. मांडीशी धर्मा. नऊ वर्षांचा. त्याला जोमाच्या वेळची ती चड्डी नव्हती, दुसरीच कुठली तरी खाकी होती, नवी, मोठी, पोटाशी सुतळीनं बांधलेली.

मला तिथेच कळलं ती का आली. तिच्या घराला माणूस हवा होता. उधाण याही साली येणार, नाव याही साली पुकारणार, आणि कुणीतरी हाय म्हणायला हवं. तिला दुसरा रस्ता मी दाखवला नव्हता. हाशादादांनीही नाही. रीत बदलावी असं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं, आम्ही फक्त एकमेकांची वाट चुकवत वर्ष काढलं होतं.

मी चड्डीचं सांगितलं. दोर, तांब्या, शनिवारचं खाणं सांगितलं. शब्द पाठ होते. मग शेवटाशी आलो. एक मार्ग असा होता की तिला बाजूला घेऊन सांगावं, धर्माला नको, आणि बाकीच्यांना काही बोलू नये. मग उरलेल्या आया आपापली पोरं बांधावर पाठवणार. दुसरा मार्ग सगळ्यांसमोर सांगायचा. आणि सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर सांगायचं की तू पाठवलंस ते चुकलं. वर्षभर गाव जे बोललं नव्हतं, तिला ज्यापासून सांभाळलं होतं, ते मी ओट्यावर उभं राहून बोलायचं. मी धर्माच्या सुतळीकडे पाहिलं आणि बोललो.

"हा गणवेश घातला म्हणून पोर बांधावरचा माणूस होत नाही. कुणी सांगितलं तरी होत नाही. नाव पुकारलं तर त्याला हाय म्हणू देऊ नका. कुणीही, कुठल्याही घरचं पोर बांधावर पाठवायचं नाही. हे माझं पहिलं सांगणं आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल."

सगळ्यांच्या माना हळूहळू मागे वळल्या. ज्यांना माहीत होतं त्यांच्या आधी, ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्या त्यांचं पाहून. चांगुणाबायनं माझं बोलणं नीट ऐकलं होतं, जसं ती आदल्या साली रविवारी दारात उभी राहून ऐकायची. तिनं पदर सावरला. ती रडली नाही, तिनं आवाज चढवला नाही. सभेत पालकानं शंका विचारावी तसा तिनं हात वर केला आणि मी तिच्याकडे पाहीपर्यंत तो खाली घेतला नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "मंग ह्ये गेल्या साली का नाय सांगला?"

ओट्यावर वीस-बावीस आईबाप होते. त्यांनी माना परत माझ्याकडे वळवल्या आणि उत्तराची वाट बघत बसले.